प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग, पण नाशिकच्या मे महिन्यात टिकेल असं

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा वेगात चालवायचे, व्हिडिओ शोधायला गेलं तर ढिगाने सापडतात, पण त्यातले बहुतेक एसी लावलेल्या खोलीत नाहीतर थंड देशात बसून केलेले असतात, आणि आपण इथे सिडकोत नाहीतर इंदिरानगरात वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली बसून तेच आकडे जसेच्या तसे बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, टाकतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातम्यांत यायला लागतो तेव्हा, सगळं मस्त चालतं. मग एप्रिल उजाडतो, पारा ३८-४० च्या घरात जातो आणि तोच पीसी रेंडर चालू असताना फटकन रीस्टार्ट होतो. म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे, सेटिंग लावायचं ते मेच्या दुपारसाठी, जानेवारीच्या रात्रीसाठी नाही. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी. लॅपटॉपवाल्यांनी इथूनच परत फिरावं, हे फक्त डेस्कटॉपचं आहे.

## १. तुमच्याकडचा प्रोसेसर आणि बोर्ड यात बसतो का ते बघा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के, केएफ किंवा केएस असलेलाच प्रोसेसर खुला, म्हणजे स्पीड वाढवता येणारा, असतो, जसे १२६००के, १३६००के असे, आणि त्याच्याबरोबर बोर्डही झेड सिरीजचा लागतो, झेड ६९०, झेड ७९० वगैरे. १२४००एफ घेऊन ओव्हरक्लॉकिंगची स्वप्नं बघू नका. आणि बी ६६० किंवा बी ७६० बोर्डवर के वाला प्रोसेसर बसतो, चालतो, पण मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला ज्याने गुणून स्पीड ठरतो तो आकडा, वाढवता येत नाही, तिथे फक्त रॅमचा स्पीड वाढवता येतो. दुकानात असे कॉम्बो सर्रास बांधून देतात, दुकानदार खोटं बोलत नाही, तो फक्त सांगत नाही.

एएमडीत बरंच सोपंय. डेस्कटॉपचे बहुतेक सगळे रायझन खुले असतात, बोर्ड मात्र बी किंवा एक्स सिरीजचा हवा: बी ४५०, बी ५५०, बी ६५०, एक्स ५७० असे. ए ३२०, ए ५२०, ए ६२० वर हा खेळ नाही. अपवाद म्हणजे एक्स थ्रीडी वाले, ५८०० एक्स थ्रीडीचा मल्टिप्लायर बंद आहे, ७८०० एक्स थ्रीडीत मर्यादित सेटिंग मिळतात, ९८०० एक्स थ्रीडी खुला आहे.

बोर्डचं नाव बघून झालं की साइड पॅनल उघडून प्रोसेसरच्या आजूबाजूला बघा. व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला करंट पुरवणाऱ्या त्या छोट्या काळ्या चौकोनांवर, हीटसिंक आहे का? नसेल आणि प्रोसेसर आठ कोर किंवा त्याहून मोठा असेल तर राहू द्या, प्रोसेसर गार राहील आणि व्हीआरएमच तापून स्पीड खाली आणेल.

## २. आणि मुळात गरज आहे का

खरं सांगू का, नुसतं गेमिंग करत असाल आणि ग्राफिक कार्ड मध्यम असेल तर फ्रेमरेट जवळपास तेवढाच राहतो, कारण अडकत असतं ते कार्ड, प्रोसेसर नाही. ब्लेंडर, व्हिडिओ एक्सपोर्ट, मोठं कोड कंपाइल करणं, अशा कामांत फरक दिसतो. कमी रिझोल्यूशनवर जास्त फ्रेमरेटचे गेम खेळणाऱ्यांनाही थोडा दिसतो.

त्याची किंमत काय ती पण बघून घ्या. प्रोसेसर जेवढी वीज खातो तिचा हिशोब ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग असा चालतो. समजा ४.२ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालतंय आणि तुम्ही ते ४.६ वर १.३५ व्होल्ट देऊन नेलं, तर स्पीड वाढला साडेनऊ टक्के आणि वीज वाढली जवळजवळ ३९ टक्के. ती सगळी वीज उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येणार. मेमध्ये. तेव्हा शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी जीव काढू नका, तिथेच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं आणि सगळ्यात कमी मिळतं.

वॉरंटीचंही बघा. इंटेल आणि एएमडी दोघंही ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, आणि एएमडीचं पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, वीज-करंटच्या मर्यादा वाढवायची त्यांचीच सोय) सुद्धा त्यातच मोडतं. पटत नसेल तर इथेच थांबा, फक्त चौथी पायरी करा, गारव्याचा फायदा तसाही होतोच.

## ३. कागद आणि सामान जमवून ठेवा

कागद म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) जीएसटी बिल, आणि डब्यावरच्या सिरियल नंबरचे फोटो. डबे फेकू नका, माळ्यावर टाका. प्रोसेसर बिनडब्याचा, ट्रेमधला घेतला असेल तर वॉरंटी साधारण दुकानदाराच्या भरवशावर असते, त्यामुळे बिलावर नीट लिहून घ्या. बोर्डच्या मॅन्युअलमधलं सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसायचं, पान मोबाइलमध्ये असू द्या, पीसी चालू होत नसताना ते पीसीवर उघडता येत नाही हे लोकांच्या वेळेवर लक्षात येतं.

सामान असं:

- चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, लांब दांड्याचा
- थर्मल पेस्टची एक ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं
- फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, बायोस अपडेटसाठी
- यूपीएस
- खोलीचं तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर, हे विसरू नका
- वही आणि पेन

सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे आकडे बघायला एचडब्ल्यूइन्फो ६४ आणि सीपीयू-झेड, त्याच्यावर लोड टाकून तपासायला सिनेबेंच आर २३, ओसीसीटी, प्राइम ९५, रायझन असेल तर कोअरसायकलर, आणि रॅमसाठी मेमटेस्ट ८६. सगळी फुकट मिळतात, मूळ वेबसाइटवरूनच उतरवा.

यूपीएसबद्दल एक. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट झेलतो. प्रोसेसरच्या टेस्टला तेवढा पुरतो, पण ग्राफिक कार्डची टेस्ट त्याच वेळी लावली तर तो किंचाळायला लागतो नाहीतर सरळ बंद पडतो, आणि तुम्हाला वाटतं ओव्हरक्लॉक फसला. दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या करा.

जुन्या नाशकातल्या घरांत, वाड्यांत, अर्थिंगची बोंब असते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

बॅकअप वेगळा सांगत नाही. घ्याच. अस्थिर प्रोसेसर नुसता बंद पडत नाही, तो चुकीचा डेटा लिहूनही ठेवतो आणि ते महिन्याने कळतं.

## ४. आधी गारवा, मग वेग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्टॉक कूलर मूळ स्पीडसाठी ठीक असतो, ओव्हरक्लॉकला नाही. सहा-आठ कोरच्या रायझनला १२० एमएम फॅनचा चांगला टॉवर कूलर भरपूर झाला, लिक्विड कूलरच्या मागे लागायची गरज नाही, इंटेलच्या मोठ्या के प्रोसेसरना मात्र तो विचार करा. टॉवर कूलरची उंची साधारण १५० ते १६० एमएम असते, कॅबिनेटमध्ये किती मावते ते आधी बघा, नाहीतर काचेचं पॅनल लागतच नाही आणि पुन्हा एमजी रोडची नाहीतर थेट पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची चक्कर.

जुना कूलर काढताना सावध. रायझनच्या एएम ४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर त्याच्यासकट सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं काहीतरी जड चालवून प्रोसेसर गरम करा, मग पीसी बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडून कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा. पेस्टची पकड सुटली की तो हाताला कळतो, मगच उचला.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते काढा. हसू नका, ते तसंच ठेवून बसवणारे दर महिन्याला भेटतात. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, नवी मधोमध वाटाण्याएवढी पुरते. स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं नको. फॅनची वायर बोर्डवरच्या सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा.

मग कॅबिनेट. समोरून काच किंवा सपाट प्लास्टिक, आत इंद्रधनुष्य लायटिंग आणि हवेला आत यायला बोटभर फट, असली कॅबिनेटं आपल्याकडे फार खपतात. जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट परवडलं. पुढून दोन फॅन आत ढकलणारे, मागून एक बाहेर काढणारा, एवढं बास. तुमचं कॅबिनेट गुदमरतंय का ते कळायला सोपा उपाय आहे: लोड चालू ठेवून तापमान लिहा, मग साइड पॅनल काढून पुन्हा लिहा. पाच-सहा डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा.

आणि हो, ते लाकडी कॉम्प्युटर टेबल ज्यात सीपीयूसाठी तीन बाजूंनी बंद खण असतो, त्या खणातून कॅबिनेट बाहेर काढा. मागून निघालेली गरम हवा तिथेच कोंडते आणि पुढून परत आत जाते. आई म्हणेल अडगळ दिसतेय. दिसू दे. पश्चिमेच्या भिंतीलाही टेकवून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत ती भिंतच तापलेली असते.

## ५. मूळ आकडे लिहून ठेवा

काहीही बदलायच्या आधी बायोस डिफॉल्टवर आणा, रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या डब्यावरचा जास्तीचा स्पीड लावणारं सेटिंग) बंद ठेवा आणि सिनेबेंच आर २३ दहा मिनिटांच्या लूपवर चालवा. वहीत लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं जास्तीत जास्त तापमान, सगळे कोर चालू असतानाची फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज, वॉट आणि स्कोर. खोलीचं तापमान लिहिलं नाही तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ नाही, कारण खोली एक डिग्री तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो.

रायझनचं तापमान नुसता ब्राउजर उघडला तरी ४५ वरून ६० वर उडी मारतं आणि परत येतं. ते तसंच असतं, घाबरू नका. फक्त बायोसमध्ये फॅन कर्व्हला (कोणत्या तापमानाला फॅन किती फिरेल ते सेटिंग) थोडा उशीर लावा, नाहीतर फॅन दिवसभर सुई-सुई करत बसतो.

यानंतर रॅमचं एक्सएमपी चालू करा आणि मेमटेस्ट ८६ रात्रभर लावा. रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी वाढवले तर उद्या पीसी बंद पडल्यावर दोघांपैकी कोण गुन्हेगार ते देवालाच माहीत.

## ६. बायोस अपडेट

नवीन बायोस बोर्ड कंपनीच्या पेजवरून, अगदी त्याच मॉडेलचा आणि त्याच रिव्हिजनचा उतरवा. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड मेला समजा, म्हणून यूपीएसवर करा, आणि मेच्या शेवटी संध्याकाळी वळवाचे ढग जमलेले असताना तर मुळीच नको, महावितरणची लाइन पहिल्या गडगडाटालाच जाते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीवाल्यांना ही पायरी सक्तीची आहे. त्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (बायोसबरोबर येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुन्या बायोसवर असलेला १३७००के ओव्हरक्लॉक करायला घेऊ नका. आणि तो डिफॉल्ट सेटिंगवरसुद्धा क्रॅश होत असेल तर सरळ वॉरंटीत टाका, त्याला ओव्हरक्लॉकने काय बरं वाटणार.

## ७. रायझन: हाताने मल्टिप्लायर नको, कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा

सगळे कोर ४.६ वर फिक्स करून टाकायची जुनी पद्धत अजून चालते, पण त्यात एकेकट्या कोरचा बूस्ट, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा स्पीड, जातो आणि साध्या कामात पीसी उलट मंद होऊ शकतो. रायझन ५००० आणि त्यापुढच्यांना त्यापेक्षा चांगला रस्ता आहे.

उदाहरणाला ५६०० घेऊ, कारण आपल्याकडे बजेट पीसीत तोच जास्त दिसतो. बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ, मूळ मर्यादा ७६ वॉट (पीपीटी, एकूण वीज), ६० अँपिअर (टीडीसी, सतत चालणारा करंट) आणि ९० अँपिअर (ईडीसी, क्षणभराचा करंट). बायोसमध्ये अॅडव्हान्स्ड, मग एएमडी ओव्हरक्लॉकिंग, तिथे एक लांबलचक इशारा येतो तो स्वीकारायचा, मग प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह अॅडव्हान्स्डवर. लिमिट्स मॅन्युअलवर करून पीपीटी ९५, टीडीसी ७०, ईडीसी १०० एवढ्यावर सुरुवात करा. मदरबोर्ड नावाचा पर्याय निवडू नका, तो मर्यादाच काढून टाकतो. स्केलर ऑटोवर. बूस्ट ओव्हरराइड जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झपर्यंत मिळतं, पण आत्ता शून्यच ठेवा.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर (स्पीडला लागणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग): ऑल कोअर्स, निगेटिव्ह, १०. इथला एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे १० टाकलं की ३० ते ५० मिलिव्होल्ट कमी झाले. त्याच स्पीडला कमी व्होल्टेज, म्हणजे कमी उष्णता, म्हणजे प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वरच्या बूस्टवर राहतो. नाशिकसारख्या गावाला हीच पद्धत मानवते, स्पीडही मिळतो आणि खोलीही तापत नाही. सेव्ह करा, टेस्ट करा, मग १५, मग २०. शेवटची मर्यादा ३० आहे, पण इंटरनेटवर कुणाचा ३० चालला म्हणून तुमचा चालेलच असं नाही, प्रत्येक चिप वेगळी.

ऑल कोअर्सवर अडकलात तर पर कोअरवर जा. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये ज्या कोरवर तारा दिसतो तो सगळ्यात चांगला कोर, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात कमी निगेटिव्ह सहन करतो, कारण त्याला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज लावलेलं असतं. ताऱ्यावाल्यांना ८-१० वर ठेवा, बाकीच्यांना २० पर्यंत ढकला. हे जमल्यावरच ओव्हरराइड ५०-५० ने वाढवून बघा.

स्क्रीनवरच्या गिगाहर्ट्झवर भाळू नका. व्होल्टेज फार कमी केलं तर रायझन क्रॅश न होता आतल्या आत घड्याळ ताणतो, दिसतं ४.५ आणि काम होतं कमी. एचडब्ल्यूइन्फोत इफेक्टिव्ह क्लॉकची ओळ बघा आणि सिनेबेंचचा स्कोर बघा. आकडा वाढला आणि स्कोर घसरला तर मागे या.

रायझन ७००० च्या मोठ्या एक्स वाल्यांनो (७९५० एक्स वगैरे), तुमचा प्रोसेसर लोडखाली ९५ डिग्रीला जाऊन टेकतो तो तसाच बनवलाय, मोठा कूलर लावला तरी तो ९५ पर्यंत जाऊन जास्त स्पीड घेणार. ते बघवत नसेल तर इको मोड (वीज मर्यादा कमी करणारं सेटिंग) लावा, स्पीड थोडासाच जातो आणि तापमान चांगलंच उतरतं.

## ८. इंटेल: एक-एक पाऊल

बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला हात लावू नका. पी कोअरचा (मोठ्या, वेगवान कोरचा) रेशो, म्हणजेच मल्टिप्लायर, ४९ म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ, तो एकाने वाढवायचा, टेस्ट करायची, पुन्हा एकाने. व्होल्टेज अॅडॅप्टिव्हवर ठेवा म्हणजे रिकामा असताना आपोआप खाली येतं. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते सेटिंग) मधल्या पातळीवर, सगळ्यात कडक पातळीवर टाकलं की लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

पीएल १ आणि पीएल २ म्हणजे वीज मर्यादा. बरेच बोर्ड त्या डिफॉल्टलाच जवळजवळ अमर्याद सोडतात, आणि मग लोकांना वाटतं कूलर खराब आहे. १२६००के ला कंपनीची मर्यादा १५० वॉट आहे, १३६००के ला १८१. हे आकडे आधी हाताने भरा आणि मग किती जमतंय ते बघा. ई कोअर (छोटे, कमी वीज खाणारे कोर) आणि रिंगच्या (कोर एकमेकांना जोडणाऱ्या भागाच्या) मागे सुरुवातीला लागू नका.

## ९. टेस्ट: कोणती आणि कशासाठी

एका टेस्टवर विसंबायचं नाही, प्रत्येकीचं काम वेगळं.

सिनेबेंच आर २३ दहा मिनिटं: पटकन अंदाज. इथेच पडला तर पुढे जाऊच नका. ओसीसीटी तासभर: चूक झाली तर क्रॅशची वाट न बघता सांगते, म्हणून आवडते. प्राइम ९५ स्मॉल एफएफटी: हा भट्टी लावतो, रोजच्या कामात एवढी उष्णता कधी येत नाही, कूलर किती झेपवतो ते बघायला पंधरा मिनिटं पुरे.

कर्व्ह ऑप्टिमायझर वापरत असाल तर कोअरसायकलर रात्रभर हवाच. निगेटिव्ह कर्व्हचा प्रोसेसर पूर्ण लोडवर बहुतेकदा पडत नाही, तो पडतो रिकामा असताना, यूट्यूब बघताना, कारण तेव्हा एकच कोर सगळ्यात वरच्या बूस्टवर उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. कोअरसायकलर एकेक कोर असा वेगळा काढून तपासतो.

टेस्ट पास झाल्यावरही एचडब्ल्यूइन्फोत खाली व्हीया एररची (विंडोज नोंदवतो त्या हार्डवेअरच्या चुकांची) ओळ शून्य आहे का बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगरच्या नावाने १८ किंवा १९ नंबरची नोंद दिसली तर पीसी वरवर ठीक वाटला तरी तो स्थिर नाही, १९ म्हणजे चूक झाली आणि दुरुस्त केली, १८ म्हणजे जीवघेणी. १८ च्या नोंदीत एपीआयसी आयडी असतो, त्याला दोनने भागलं की साधारण कोणता कोर ते सापडतं आणि मग फक्त त्या कोरचा निगेटिव्ह आकडा कमी करता येतो. ४१ नंबर, कर्नल पॉवरचा, बघून काही निष्कर्ष काढू नका, तो फक्त एवढंच सांगतो की पीसी नीट बंद झाला नव्हता, वीज गेली तरी तो येतो.

निळी स्क्रीन आली तर: क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा व्हीया अनकरेक्टेबल एरर म्हणजे बहुतेक प्रोसेसरचं व्होल्टेज कमी पडतंय, मेमरी मॅनेजमेंट असं काही आलं तर आधी रॅमकडे बघा.

## १०. जानेवारीत मे महिना आणायचा कसा

तापलेल्या चिपला तोच स्पीड धरायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं आणि चिपमधली वीजगळतीही वाढते, त्यामुळे ६६ डिग्रीला पास झालेलं सेटिंग ८६ ला नापास होऊ शकतं. मग टेस्टसाठी मेपर्यंत थांबायचं का? नाही.

समजा जानेवारीत रात्री खोलीत १८ डिग्री आहे आणि मेच्या दुपारी तुमच्या खोलीत ३८ असतं, हे थर्मामीटरवर गेल्या उन्हाळ्यात बघितलं नसेल तर ३८ च धरा, वरचा मजला असेल तर ४०. फरक २० चा. सिनेबेंच लावून बघा प्रोसेसर किती जातो, समजा ६६. आता बायोसमध्ये नाहीतर बोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या फॅनचा स्पीड हळूहळू कमी करत न्या, तापमान ८६ ला येऊन थांबेल तिथे फॅन फिक्स करा. हा तुमचा मे महिना. आता नवव्या पायरीतल्या सिनेबेंच आणि ओसीसीटी याच अवस्थेत पुन्हा लावा. पास झालं तर उन्हाळ्याला पुरेल. फॅन कमी केल्यावर ९० पर्यंत जात असेल, किंवा सिनेबेंचचा स्कोर घसरत असेल, तर वॉट मर्यादा दहाने कमी करा आणि पुन्हा बघा. प्रोसेसर उष्णतेने जळत नाही, इंटेल १०० ला आणि रायझन ५००० प्रकाराप्रमाणे ९० किंवा ९५ ला स्वतःच स्पीड कमी करतो, पण मग ओव्हरक्लॉक करून मिळवलं काय?

हे झालं की उलटी बाजूही तपासा. पीबीओवाला प्रोसेसर थंडीत जास्त वर बूस्ट घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात नीट चालणारा निगेटिव्ह कर्व्ह डिसेंबरच्या पहाटे पहिल्यांदा चालू केल्यावर पाच मिनिटांत पडल्याची उदाहरणं आहेत. फॅन पूर्ण स्पीडला, खिडकी उघडी, आणि कोअरसायकलर पहाटेपर्यंत.

## ११. पीसी चालूच झाला नाही तर

आधी थांबा. बहुतेक बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन स्वतःच सुरक्षित सेटिंगवर येतात. डीडीआर ५ वाले बोर्ड सेटिंग बदलल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत रॅम ट्रेन करत बसतात, त्या वेळी घाबरून बटण दाबत राहिलात तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा ठेवा.

तरीही काही नाही झालं तर एसएमपीएसचं बटण बंद, वायर बाहेर, आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढून पाचेक मिनिटांनी परत बसवा. सगळं कोरं होऊन चालू होतं.

अधूनमधून बरेच क्रॅश झाले असतील तर विंडोजच्या फाइल तपासून घ्या, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसीचा स्कॅन चालवा.

## १२. धूळ आणि दोन प्रोफाइल

कुंभाच्या तयारीने रस्ते खणून ठेवल्यापासून धुळीचं तर विचारू नका. समोरची जाळी महिन्याला पुसा, आतली सफाई दिवाळीला आणि मार्चमध्ये, ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने गरगर फिरून बेअरिंग जातं. खोलीचं तापमान तेच असताना लोडचं तापमान वहीतल्या आकड्यापेक्षा सात-आठ डिग्री वर दिसलं आणि धूळ काढूनही उतरलं नाही, तर पेस्ट बदलायची वेळ झाली.

बायोसमध्ये सेटिंग प्रोफाइल म्हणून सेव्ह करता येतं, दोन करा. एक थंडीचं, तुमच्या पूर्ण मर्यादेचं. दुसरं उन्हाळ्याचं, कर्व्ह तोच पण वॉट मर्यादा मूळ आकड्याजवळ, ५६०० ला ७६. गुढीपाडव्याला उन्हाळ्याचं लावायचं, दिवाळीला थंडीचं, तारीख लक्षात राहते. बायोस अपडेट केल्यावर ही प्रोफाइल सहसा उडतात, म्हणून दोन्ही प्रोफाइलच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि अपडेटनंतर आकडे टाकून पहिल्या रात्री कोअरसायकलर पुन्हा लावा, कारण नव्या बायोसवर तेच आकडे तसेच चालतील याची खात्री नसते.